पात्र लिहिताना डोळ्यांपुढे नट ठेवावा का, आणि ठेवला तर कधी काढावा

आधी उत्तर. नट डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही, पण पहिल्या खर्ड्यात नको आणि शेवटच्या खर्ड्यात मुळीच नको. पात्र घडत असताना नट समोर आला की तो पात्राची जागा अडवून बसतो. पात्र आपल्या पायावर उभं राहिल्यावर आला, तर मात्र संवाद घासूनपुसून घ्यायला त्याचा मोठा उपयोग होतो. मधल्या या टप्प्यात त्याला कसं आणायचं, त्याच्याकडून काय काढून घ्यायचं आणि नंतर पानावरून त्याच्या खुणा कशा पुसायच्या, हे इथे क्रमाने मांडलं आहे.

मराठवाड्यात बसून लिहिणाऱ्यांसाठी हा प्रश्न जास्त नाजूक आहे. इथला लेखक बहुतेक वेळा एकांकिकेतून पटकथेकडे येतो. एकांकिका लिहिताना गटात कोण आहे, कुणाचा आवाज मोठा, कुणाला रडता येतं हे त्याला माहीत असतं आणि तो त्या मापाने लिहितो. ती सवय घेऊन तो चित्रपट लिहायला बसतो तेव्हा गटातल्या मित्रांच्या जागी नावाजलेले नट येतात. इथेच गडबड सुरू होते.

नेमकं काय बिघडतं

पहिली अडचण मोकळ्या राहिलेल्या जागांची. लेखक पानावर ‘तो नुसता बघतो’ एवढंच लिहितो, कारण त्या नटाची नजर त्याला पाठ असते. दुसरा नट तेच पान वाचतो तेव्हा बघणारा माणूस रागावला आहे, घाबरला आहे की मनात हिशोब करतो आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. लेखकाने करायचं काम नटाच्या चेहऱ्यावर टाकलेलं असतं.

दुसरी अडचण अशी की नट म्हणून डोळ्यांपुढे येते ती त्याची गाजलेली भूमिका. निळू फुले म्हटलं की बहुतेकांना खेड्यातला इरसाल पुढारी दिसतो. पण ‘सामना’तला साखरसम्राट हिंदूराव आणि ‘सिंहासन’ (१९७९) मधला पत्रकार दिगू टिपणीस ही दोन्ही माणसं निळूभाऊंनीच उभी केली. दोन्ही पटकथा विजय तेंडुलकरांच्या, दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल. एक सत्ता उपभोगणारा, दुसरा ती शांतपणे बघत बघत आतून ढासळणारा. ‘मी निळू फुले समोर ठेवून लिहितोय’ असं कुणी म्हणालं तर त्याला विचारावं: कुठले निळू फुले? उत्तर ‘हिंदूराव’ असेल, तर तो दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहिलेलं पात्र पुन्हा लिहितो आहे.

तिसरी अडचण लवकर लक्षात येत नाही. आवडता नट समोर असला की लेखक त्याला वाईट दिसू देत नाही. पात्राने जिथे खोटं बोलायला हवं, हात जोडायला हवेत, भेकडपणे पळून जायला हवं, तिथे लेखणी अडते आणि त्या प्रसंगात आपोआप एखादं टाळीचं वाक्य येतं. पात्राच्या चुका गेल्या की कथेतला ताणही गेला.

आणि शेवटची, व्यवहाराची अडचण म्हणजे तो नट मिळत नाही. ‘शोले’ (१९७५) मधल्या गब्बरसाठी आधी डॅनी डेंग्झोंग्पा ठरले होते. ‘धर्मात्मा’च्या अफगाणिस्तानातल्या चित्रीकरणामुळे त्यांना जमलं नाही आणि अमजद खान आले. ‘जंजीर’ची (१९७३) पटकथा त्या काळच्या अनेक मोठ्या नटांनी नाकारल्यावर अमिताभ बच्चन यांच्याकडे गेली. नट बदलूनही ही पात्रं कोसळली नाहीत, कारण त्यांची बोलण्याची तऱ्हा आणि त्यांचे निर्णय पटकथेतच पक्के होते.

मराठवाड्याची बोली आणि हसण्याची सवय

मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची बोली मुख्य प्रवाहातल्या पडद्यावर ठसवली. त्याआधी तिला तिथे फारशी जागा नव्हती, म्हणून हे काम मोलाचं आहे. पण त्यांचा आवाज कानात ठेवून लिहिणाऱ्यांनी एक आळस केला: मराठवाड्याचं पात्र बोलायला लागलं की ते विनोदीच असणार, असं गृहीत धरलं. मग कर्जात बुडालेला शेतकरी, बदलीला वैतागलेली ग्रामसेविका, मोंढ्यातला (धान्यबाजारातला) आडत्या, सगळे एकाच ठेक्यात बोलू लागतात आणि दर तिसऱ्या वाक्याला हशा मागतात. याचा दोष नटाकडे जात नाही. लेखकाने माणूस ऐकायचा सोडून भूमिका ऐकली.

यातून बोलीही पातळ होते. लातूरकडचा माणूस ‘काय करलालास’ म्हणतो, परभणीकडचा ‘काय करायलास’ म्हणतो. जालना-हिंगोलीच्या पट्ट्यात ‘का’साठी ‘कामून’ ऐकू येतं. नांदेडला आणि संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांमध्ये मराठी बोलता बोलता माणूस सहज दखनी उर्दूत शिरतो. नटाचा आवाज कानात असला की हे सगळं पुसलं जातं, वर कोल्हापूर-साताऱ्याचं ‘रं’ आणि ‘गा’ येऊन बसतं, आणि जे उरतं ती कुठल्याच गावात न बोलली जाणारी ‘ग्रामीण’ भाषा असते. इथल्या प्रेक्षकाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि तो पात्रावरचा विश्वास काढून घेतो.

पायरी १ : नटाआधी माणूस

प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी एक कोरं पान घ्या. त्यावर चेहरा, उंची, रंग लिहायचा नाही. पुढच्या गोष्टी लिहायच्या:

– जिल्हाच नव्हे, तालुका कोणता. आई कुठल्या गावची. (बोली बऱ्याचदा आईकडून येते.)
– कुणाचं किती देणं आहे, आणि त्याच्याकडे कुणाचं.
– दिवसभर हात कशात असतात: कोयता, वहीखातं, शिलाई मशीन, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग.
– कुणाला अरे-तुरे करतो, कुणाला अहो-जाहो, आणि कुणापुढे त्याचं ‘अरे’ गडबडून ‘अहो’ होतं.
– कोणती गोष्ट त्याच्या तोंडून कधीच निघणार नाही.
– कथेच्या शेवटापर्यंत त्याला काय हवं आहे. एकाच वाक्यात.

हे भरताना दोन-तीन खऱ्या माणसांचे तुकडे एकत्र करा: एकाची चाल, दुसऱ्याचं देणं, तिसऱ्याची थांबून बोलण्याची सवय. एकच माणूस अख्खा उचलू नका. गावात तो लगेच ओळखू येतो, आणि तुम्हीही त्याच्या भिडेखातर पात्राला धक्का द्यायला कचरता. ‘देणं’ हा रकाना रिकामा राहिला तर पुढे जाऊ नका. मराठवाड्यातल्या कथेत उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ मजुरी), पीककर्ज, हुंड्याचे राहिलेले पैसे, भावकीतला वाटा यांतलं काहीतरी जवळजवळ प्रत्येक पात्राच्या मागे असतं. तेच त्याला एखाद्या प्रसंगात बोलायला किंवा गप्प बसायला लावतं.

पायरी २ : पहिला खर्डा नटाशिवाय

नट आपोआप डोळ्यांपुढे येत असेल तर त्याला हाकलायचा एक सोपा उपाय आहे. पात्राच्या नावाऐवजी काही दिवस त्याचं काम लिहा: ‘मुनीम’, ‘सासू’, ‘कंडक्टर’. संवाद कच्चे राहिले तरी चालतील. या खर्ड्यात फक्त निर्णय पक्के करायचे: कोण काय करतो, केव्हा करतो, त्यामुळे कुणाचं काय जातं.

पायरी ३ : आता नट आणा, पण कानासाठी

खर्डा किमान दहा दिवस बाजूला ठेवा आणि मग संवादांच्या कामाला बसा. आता नटाची निवड करायची ती प्रसिद्धीवरून नको, लयीवरून करा. कुणी छोटी वाक्यं तोडून टाकतो, कुणी एक लांब वाक्य श्वास न घेता नेतो, कुणी उत्तर देण्याआधी थांबतो. पात्राच्या स्वभावाला जी लय हवी ती ज्याच्याकडे आहे, तो नट घ्या. शक्य असेल तर हयात नसलेला घ्या. तो उपलब्ध होणार नाही हे पक्कं असल्याने त्याच्या तारखांचा, बाजारातल्या किमतीचा किंवा त्याला खूश करण्याचा विचार मनात येत नाही. त्याच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकेऐवजी एखादी शांत, बाजूची भूमिका बघा.

नटाकडून घ्यायच्या गोष्टी तीनच: वाक्याची लांबी, थांबण्याची जागा, आणि काय न बोलता सोडायचं. त्याचे ठरलेले शब्द, हसणं, हातवारे घ्यायचे नाहीत.

एक उदाहरण सविस्तर बघू. बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची टोळी, कारखान्याच्या फडावरची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. सरूचा नवरा तापाने पडला आहे. टोळी जमवून आणणारा मुकादम येतो. लेखकाच्या डोळ्यांपुढे खलनायक म्हणून गाजलेला एखादा नट असेल तर प्रसंग असा उतरतो:

मुकादम : उचल घेताना दोन्ही हात पसरले व्हते. आता कोयता धरायला एक बी हात उठंना व्हय?

वाक्य ठसकेबाज आहे, आणि त्यातच त्याचं अपयश आहे. ते सरूशी बोललेलं नाही, थिएटरातल्या शेवटच्या रांगेशी बोललेलं आहे. शिवाय त्यात मुकादमाची गोष्ट नाही. त्याने स्वतः कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून आगाऊ रक्कम घेऊन ती टोळीत वाटलेली असते. टोळीतलं माणूस कमी पडलं तर जबाबदारी त्याच्या अंगावर येते. तो बऱ्याचदा त्याच गावचा, कधी नात्यातला असतो, आणि हंगाम संपल्यावर त्याला त्याच गावात तोंड दाखवायचं असतं. हे पहिल्या पायरीच्या पानावर लिहिलेलं असेल तर तोच प्रसंग असा होतो:

मुकादम : जेवलीस का, सरू?
सरू : व्हय, अण्णा.
मुकादम : ताप उतरला का त्याचा?
सरू : नाय अजून.
मुकादम : मंग पडू दे त्याला. (थांबून) पोरगी केवढी झाली तुझी?
सरू : सातवीला हाय.
मुकादम : मोळ्या बांधायला तर येईल की. तेवढाच कोयता पुरा धरतो.

ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. शेवटच्या वाक्यात धमकी नाही, आवाज चढलेला नाही, उलट तो उपकार करतो आहे असंच त्याला वाटतं. मुलीची शाळा त्या एका वाक्यात संपते. हा प्रसंग कानासाठी आणलेल्या नटाच्या लयीवर लिहिला आहे: छोटे प्रश्न, एक थांबा, मग मुद्दा. पण तो नट नसला तरी प्रसंग चालतो. राकट चेहऱ्याचा नट हे बोलला तर वेगळी भीती वाटेल, गोड चेहऱ्याचा बोलला तर अधिक वाटेल.

पायरी ४ : तीन नटांची आणि एका माणसाची चाचणी

पटकथेतले पाच सर्वांत महत्त्वाचे प्रसंग निवडा. प्रत्येक प्रसंग मनात तीन वेगळ्या नटांना द्या: एक वयाने दहा वर्षांनी मोठा, एक अगदी उलट प्रतिमेचा, एक ज्याला अजून कुणी ओळखत नाही. जी वाक्यं एकाच नटाच्या तोंडी जिवंत राहतात आणि बाकी दोघांच्या तोंडी मरतात, त्यांच्या बाजूला खूण करा. पाच प्रसंगांत अशी दोन-तीन वाक्यं निघाली तर चालतं. प्रत्येक प्रसंगात तीन-चार निघाली, तर पात्र अजून तयार नाही आणि पहिल्या पायरीच्या पानाकडे परत जावं लागेल.

दुसरी चाचणी मराठवाड्याच्याच मातीतली आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करत. पुढे संदीप पाठक यांनी तोच प्रयोग केला आणि पात्रं तरीही वेगवेगळी ओळखू आली. वेशभूषा बदलायला वेळ नाही, चेहरा एकच, मग फरक कुठून यायचा? संहितेतल्या बोलण्यातून. कोण आधी नाव घेतं, कोण दुसऱ्याचं वाक्य तोडतं, कोण एकच गोष्ट तीनदा सांगतं, यातून. तसंच करा: एका मित्राला बसवा, पात्रांची नावं झाकलेली पानं द्या, आणि सगळे संवाद त्यालाच सपाट आवाजात वाचू द्या. अभिनय नको. ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्य कुणाचं ते ओळखायचं. दहातली सात ओळखू आली तर संवाद पात्रांचे झाले. दोन पात्रांची सतत अदलाबदल होत असेल, तर त्या दोघांसाठी तुमच्या कानात एकच नट आहे, किंवा तुम्ही स्वतः आहात.

पायरी ५ : नटाच्या खुणा पुसणं

शेवटच्या खर्ड्यात लाल पेन घेऊन फक्त हेच शोधा: ‘आपल्या खास शैलीत’, ‘मिश्किल हसत’, ‘डोळ्यांतून आग ओकत’ अशा सूचना; कथेत कारण नसलेला तकियाकलाम (सारखं तोंडी येणारं पालुपद); पात्र आत येताच त्याच्यावर थांबलेला कॅमेरा; आणि प्रसंगाचं काम झाल्यावर चिकटवलेलं निरोपाचं दमदार वाक्य. यातलं बहुतेक सगळं काढून टाकता येतं. निरोपाचं वाक्य काढून प्रसंग आधीच्या ओळीवर संपवून बघा. बहुधा तो सुधारतो.

पात्राची पानावरची ओळख दोन ओळींची ठेवा. ‘उंच, रुबाबदार, घारे डोळे, ४५’ असं लिहिलं की नट निवडणाऱ्याचे हात बांधले जातात आणि पात्राविषयी काहीच कळत नाही. ‘मुकादम, ४० ते ५०. खिशात दोन मोबाइल, दोन्ही सतत वाजतात. उचलण्याआधी नंबर बघून आवाज ठरवतो.’ यात नटाला खेळायला जागा आहे आणि माणूसही दिसतो. वय नेहमी पट्ट्यात द्या. शरीराचं एखादं वैशिष्ट्य कथेला लागत असेल, जसं ऊसतोडीत गेलेलं बोट, तरच लिहा.

निर्मात्यापुढे नाव कसं घ्यायचं

‘कोण डोक्यात आहे?’ हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा, पण पटकथेच्या पानांवर ते नको. वेगळ्या कागदावर प्रत्येक मुख्य पात्रासाठी तीन ते पाच नावं लिहा, एकमेकांपासून लांबची, आणि प्रत्येकापुढे एक ओळ की हा नट पात्रातली कोणती बाजू वर आणेल. एकच नाव दिलं आणि त्या नटाने नकार दिला, की निर्मात्याच्या मनात पटकथाच नाकारली जाते. नटाचा होकार नसताना त्याचा फोटो सादरीकरणाच्या पानांवर लावू नका. समोरच्याला तो चित्रपटात आहे असं वाटतं आणि नंतर खुलासा करत बसावं लागतं. हा कागद दाखवण्याआधी पटकथेची स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करून घ्या.

नट ठरल्यावर

आता त्याच्यासाठी लिहायची वेळ आली. पूर्ण पटकथेचं एक वाचन ठेवा, मध्यंतरासकट तीन तास धरा, आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. नट जिथे अडखळतो, जिथे नकळत शब्द बदलतो, जिथे वाक्याआधी श्वास घेतो, तिथे खुणा करा. वाक्यं बदला, क्रम बदला, जड शब्द काढा. निर्णय बदलू नका. ‘माझं पात्र असं घाबरणार नाही’ असं नट म्हणाला, तर कथेत ते घाबरणं कशासाठी आहे ते त्याला शांतपणे समजावून सांगा. बहुतेक वेळा कारण कळल्यावर तोच तो प्रसंग सर्वांत मन लावून करतो. ‘देऊळ’ (२०११) मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी स्वतः लिहिलेला केशा स्वतःच साकारला आणि संवाद व अभिनय दोन्हींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो केशा भाबडा, गोंधळलेला गुराखी आहे. नट म्हणून उठून दिसण्याचा मोह लेखकाने पानावर येऊ दिला नाही.

बोलीसाठी नटाला सूचनांची यादी देऊ नका. त्या तालुक्यातल्या, त्या वयाच्या माणसाच्या तोंडून त्याचे सगळे संवाद रेकॉर्ड करून द्या. लिहिलेल्या ‘करायलो’ला जो हेल आहे तो कागदावर येत नाही.

गावातला माणूसच नट असेल तेव्हा

‘फँड्री’तला सोमनाथ अवघडे, ‘सैराट’मधली रिंकू राजगुरू, ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर झालेले कार्यकर्ते वीरा साथीदार: मराठी पडद्याला अलीकडच्या काळात सर्वांत खरे वाटलेले काही चेहरे असे आले. मराठवाड्यातल्या कमी पैशांच्या चित्रपटासाठी आणि लघुपटासाठी हा मार्ग सर्वांत जवळचा आहे, आणि इथे वरचा नियम थोडा उलटतो. माणूस सापडल्यावर त्याच्यासाठीच पुन्हा लिहावं लागतं.

त्याच्या वाक्यांची लांबी सात-आठ शब्दांवर आणा. एका प्रसंगात त्याच्याकडे एकच भावनिक वळण ठेवा, दोन नकोत. त्याला येत असलेलं काम हातात द्या: भाकरी थापणं, बैलाच्या वेसणीला गाठ मारणं, पाना घेऊन मोटर उघडणं. हात कामात असले की बोलणं आपोआप सुटं होतं. नुसतं उभं राहून बोलायला लावलं की खांदे वर चढतात. लांब मनोगत असेल तर ते दुसऱ्या पात्राच्या प्रश्नांनी तोडा. संवाद त्याला पाठ करायला लावण्याआधी प्रसंग तोंडी सांगा आणि ‘तुम्ही काय म्हणाल?’ असं विचारा. त्याचं वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा बरं निघालं तर तेच घ्या, फक्त प्रसंगातली माहिती त्यात आली आहे ना ते तपासा.

चित्रीकरणाच्या दिवशी असं बदललेलं प्रत्येक वाक्य त्याच वेळी पटकथेच्या प्रतीत लिहा आणि सातत्य सांभाळणाऱ्या सहायकाला द्या. तसं झालं नाही तर दुसऱ्या कोनातून शॉट घेताना तो माणूस तिसरंच वाक्य बोलतो, संकलनात दोन शॉट जुळत नाहीत, आणि डबिंगला त्याला पुन्हा गावाहून बोलवावं लागतं. बंद खोलीत, माइकपुढे, हातात काम नसताना त्याच्या तोंडून तोच सूर परत येणं फार अवघड असतं.